साताला सात भिडले तेव्हा

[दृश्य: काचेची बरणी, लाल पाणी, तळाला बोंडं]

नाताळापासून नव्या वर्षापर्यंत जमैकाच्या घराघरांत ही बरणी दिसणारच. बोंडं ओळखीची वाटतायत? आपली लाल अंबाडीच ती. तिथे तिला सॉरेल म्हणतात. ठेचलेल्या आल्याबरोबर गरम पाण्यात रात्रभर मुरवायची, सकाळी गाळून साखर घालायची. मोठ्यांच्या पेल्यात थोडी रम.

३१ डिसेंबरच्या रात्री चर्चमध्ये जागर असतो. सरत्या वर्षाचा झाडा देवापुढे द्यायचा, मग नव्यात पाय ठेवायचा. हाच झाडा जमैकाचं संगीत रेगेही मागतं, पण देवापुढे नाही, रस्त्यावर आणि सत्तेकडे. रेगे म्हणजे समुद्रकिनारा आणि सुट्टी, ही समजूत आधी मनातून काढून टाकायला हवी.

[दृश्य: ड्रमवादकाचा पाय, अगदी जवळून]

हा पाय बघा. एक... हललाच नाही. दोन... अजून नाही. तीन. आता पडला ठोका. आपला कान समेची वाट बघतो आणि इथे नेमकी समच रिकामी. तिसऱ्या मात्रेवर पायाचा मोठा ड्रम आणि काठीचा कडेवरचा ठोका एकदम पडतात. याला म्हणतात वन ड्रॉप. गिटार वाजते दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर. तारा छेडल्या की लगेच बोटांनी दाबायच्या, आवाज रेंगाळू द्यायचा नाही. खालून बास, म्हणजे खर्जातली गिटार, चालतो, आणि बऱ्याचदा मनात घोळत राहते ती त्याचीच चाल. एवढी मोकळी जागा असलेल्या तालावर घाईनं काही बोलताच येत नाही. जड गोष्टी याच तालावर गायल्या गेल्या, त्या उगीच नाही.

[दृश्य: ५६ होप रोड, घराची भिंत]

किंग्स्टन, जमैकाची राजधानी. रेगेचा जगभर गाजलेला गायक बॉब मार्ले याचं घर, आता संग्रहालय. भिंतीतली ही भोकं गोळ्यांची आहेत. ३ डिसेंबर १९७६ची रात्र. देशात आणीबाणी, निवडणूक बारा दिवसांवर. बंदूकधारी घरात शिरले. मार्ले जखमी झाला, पत्नी रीटाच्या डोक्याला गोळी लागली. दोनच दिवसांनी तो हजारो लोकांपुढे गायला, आणि मग देश सोडून गेला. अशा अवस्थेत किंग्स्टननं १९७७चं कॅलेंडर भिंतीवर लावलं.

[दृश्य: फिरती तबकडी, सुई]

त्या वर्षीचं गाणं हे. 'टू सेव्हन्स क्लॅश'. कल्चर नावाचा तिघांचा गट, मुख्य गायक जोसेफ हिल. साताला सात भिडतील तेव्हा उलथापालथ होईल, अशी भविष्यवाणी मार्कस गार्वी या जमैकाच्या कृष्णवर्णीय नेत्याच्या नावावर सांगितली जायची. हिलनं ती गाण्यात बांधली. रास्ताफारी, म्हणजे इथिओपियाला पवित्र भूमी मानणारा जमैकातला पंथ, गार्वीला संदेष्टा मानतात. त्यांचं नवं वर्ष खरं तर इथिओपियाच्या पंचांगाप्रमाणे ११ सप्टेंबरला येतं, जसा आपला पाडवा चैत्रात. तरीही त्यांनी इंग्रजी सनाचा आकडा इतका मनावर घेतला. आम्हाला वाटतं, ज्यांच्या पूर्वजांची खरेदी-विक्री याच सनांखाली वह्यांत नोंदली गेली, ते हे आकडे सहज विसरत नाहीत.

[दृश्य: रिकामा रस्ता, ओढलेली शटरं]

सातवा महिना, सातवी तारीख, सत्त्याहत्तर साल. त्या दिवशी किंग्स्टनमध्ये कितीतरी लोक घराबाहेर पडले नाहीत, दुकानं उघडली नाहीत, असं सांगतात. दिवस मावळला. आभाळ काही कोसळलं नाही.

पुढच्या वर्षी मार्ले परतला. २२ एप्रिलच्या रात्री भर मंचावर त्यानं पंतप्रधान मॅनली आणि विरोधी पक्षनेते सीगा या दोन कट्टर विरोधकांचे हात एकमेकांत दिले. १९८०च्या निवडणुकीच्या वर्षात तरीही शेकडो माणसं मारली गेली.

[दृश्य: ३१ डिसेंबर, अंगण, माणसाच्या उंचीचे स्पीकर]

बाराला पाच मिनिटं कमी आहेत. आजी खुर्ची ओढून स्पीकरजवळ बसलीय, हातात लाल पेला. पोरगा तबकडी पुसतोय, फुंकर मारतोय, आता सुई ठेवेल.

आम्ही इथे थांबतो. तुम्ही ऐका.