नोतो पायी बघताना

नमस्कार मंडळी. आत्ता पडद्यावर फोटो बघितलेत ना, तो मधाच्या रंगाचा दगड, त्या लांबच लांब पायऱ्या आणि वरती घुमट, हे नोतो. इटलीच्या टोकाला सिसिली बेट आहे, त्याच्या आग्नेय कोपऱ्यात. आपल्याकडच्या इटलीच्या टूरमध्ये हे सहसा नसतंच, रोम, फ्लोरेन्स, पिसा, व्हेनिस झालं की लोक परत विमानात बसतात. मी गेली काही वर्षं मराठी माणसांचे छोटे ग्रुप घेऊन तिकडं जाते. तिथं गाईड म्हणून बोलायचं तर सरकारी परवाना लागतो, २०२३ ला त्यांनी त्याचा नवीन देशभराचा कायदाही केला, त्यामुळे बोलणारी गाईड तिथलीच असते आणि मी तिच्या शेजारी उभी राहून मराठीत सांगत जाते. ही दोन-अडीच तासांची फेरी मी इतक्या वेळा केलीय की त्यात काय सांगितलं जातं आणि काय सुटून जातं ते आता मला नीट दिसायला लागलंय, आणि आज मी त्या सुटलेल्याबद्दलच बोलणार आहे.

फेरी सुरू होते पोर्ता रेआलेपाशी. रेआले म्हणजे शाही, शाही दरवाजा म्हणा. राजा दुसरा फर्डिनांड येणार होता म्हणून १८३८ ला बांधलेली कमान. तिच्यावर तीन चिन्हं आहेत, मध्ये पेलिकन पक्षी, एका बाजूला बुरूज, एका बाजूला कुत्रा. त्याग, ताकद आणि इमान. कमानीतून आत गेलं की सरळ पूर्व-पश्चिम मोठा रस्ता लागतो, कॉर्सो व्हित्तोरियो एमानुएले, आणि त्याच्यावर एकामागून एक चौक, चर्च, वाडे. गाईड सांगायला लागते, बरोक ही भरगच्च नक्षीची बांधकामशैली म्हणजे काय, हा दर्शनी भाग कसा बाहेर फुगवलाय, तो कसा आत घेतलाय, हे रोसारिओ गाल्यार्दीचं काम, ते विन्चेन्त्सो सिनात्राचं. आणि त्याच्यात मध्येच एक वाक्य येतं, की १६९३ साली भूकंपात जुनं नोतो पडलं आणि मग हे नवं बांधलं. एवढंच. चला पुढे, इथं फोटो छान येतो.

माझे पाय त्या एका वाक्यावर अडकतात. आमचं गाव किल्लारीच्या पंचक्रोशीतलं. ३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे चार वाजायला आले होते, आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, माणसं दमून गाढ झोपलेली. मी अकरा वर्षांची होते. त्याच्यावर मी इथं जास्त बोलणार नाही, तुमच्यातल्या बऱ्याच जणांना ते माहितीये. पण म्हणूनच कुणी "मग नवं बांधलं" असं म्हणालं की मला लगेच विचारावंसं वाटतं, कुणी ठरवलं? कुठं बांधायचं, जुन्या जागी का नाही, कुणाला कुठला प्लॉट, देव कुठं न्यायचा? आमच्याकडं जे जे वाद झाले ते सगळे मला आठवतात. आणि खरं सांगते, मी वाचत गेले, तिथल्या लोकांशी बोलत गेले, तेव्हा कळलं की नोतोमध्ये हे सगळं झालं होतं. तीनशे वर्षं आधी. जागेवरून तर वर्षानुवर्षं भांडणं चालली होती, नवीन ठिकाण बऱ्याच लोकांना मान्य नव्हतं. तेव्हापासून मी माझ्या ग्रुपला कमानीखाली उभं करते आणि सांगते, हे पुनर्वसनातलं गाव आहे. आपल्या लोकांना हा शब्द ऐकला की वेगळं काही समजवावं लागत नाही, बघण्याची नजरच बदलते.

आता तो भूकंप. ९ जानेवारी १६९३ ला आधी एक धक्का बसला, आणि ११ जानेवारीला मोठा. सुमारे साठ हजार माणसं गेली असं मानतात. एकट्या कतानिया शहरातले निम्म्याहून जास्त लोक गेले. हा सगळा भाग म्हणजे व्हाल दी नोतो, आणि यातला व्हाल म्हणजे दरी नाही बरं का, सिसिलीवर अरबांचं राज्य होतं तेव्हाच्या कारभारातला तो शब्द आहे, अरबी विलाया, म्हणजे प्रांत, त्याच्याशी त्याचं नातं सांगतात. आपला विलायत शब्द त्याच घरातला. मला हे कळलं तेव्हा इतका आनंद झाला होता की मी रस्त्यात थांबून आईला फोन केला.

सिसिली तेव्हा स्पेनच्या राजाच्या ताब्यात होती. तिथल्या व्हाइसरॉयनं पुनर्बांधणीसाठी एक माणूस नेमला, कामास्त्राचा ड्यूक, जुझेप्पे लान्त्सा. त्याच्या हाताखाली लष्करी इंजिनिअर, वास्तुकार, कायदा जाणणारे लोक. कुठलं गाव जाग्यावर बांधायचं आणि कुठलं हलवायचं ते ठरायला लागलं. कतानिया जागेवरच राहिलं, पण रस्ते रुंद आणि सरळ झाले, मोठे चौक सोडले, पुन्हा जमीन हलली तर माणसाला पळून उघड्यावर जाता यावं हाही त्यात विचार होता. रागूसाची गंमत वेगळी, तिथं काही लोक म्हणाले आम्ही वरच्या पठारावर जाणार, काही म्हणाले आम्ही जुन्या जागेवरच राहणार, आणि शेवटी दोन रागूसा झाले, आजही आहेत, खालचं इब्ला आणि वरचं नवं. आणि नोतो अख्खं उचललं. जुनं नोतो मोंते आल्वेरिया नावाच्या डोंगरावर होतं, तिथून आठ-दहा किलोमीटरवर, समुद्राच्या बाजूच्या उतारावर नवीन जागा धरली. जोव्हान बात्तिस्ता लान्दोलिना नावाचे तिथले सरदार यात पुढे होते. युनेस्कोनं २००२ ला अशी आठ गावं एकत्र जागतिक वारशाच्या यादीत घेतली, पण नोतोइतकं कोऱ्या पाटीवर लिहिलेलं त्यातलं क्वचितच दुसरं असेल.

आता चालताना हे कसं दिसतं ते सांगते, कारण मला वाटतं हे फक्त चालूनच कळतं, बसच्या खिडकीतून नाही. कॉर्सोवरून तुम्ही चालता तेव्हा डोंगर तुमच्या उजव्या हाताला वर चढत जातो आणि सगळी मोठी चर्चं त्या वरच्या बाजूला आहेत, दक्षिणेकडं तोंड करून, पुढे पायऱ्या सोडून. म्हणजे दिवसभर ऊन त्यांच्या तोंडावर. तो दगड इथलाच चुनखडीचा, मऊ, कोरायला सोपा, आणि दुपार कलली की पिवळ्याचा केशरी व्हायला लागतो. म्हणून मी सकाळची फेरी शक्यतो टाळते, चारनंतर निघते. निकोलाची वाड्यापाशी थांबायचंच, त्या गॅलरींच्या खाली दगडी आधार आहेत ना, त्यात सिंह, पंखवाले घोडे, जलपऱ्या, फुगलेल्या गालांची पोरं, एकेक गॅलरी वेगळी. मान दुखेपर्यंत लोक बघतात. त्याच गल्लीत मे महिन्याच्या तिसऱ्या रविवारच्या सुमाराला फुलांच्या पाकळ्यांची रांगोळी घालतात, अख्ख्या उतारावर, १९८० पासून. इन्फियोराता म्हणतात. आमच्या ग्रुपमधल्या बायका तिथं रांगोळी काढणाऱ्यांच्या शेजारी उकिडव्या बसल्या होत्या आणि भाषा न येताही अर्धा तास बोलत होत्या.

पण गल्ली संपली की बहुतेक फेऱ्या खाली वळतात, आइस्क्रीम नाहीतर बदामाच्या ग्रॅनिटाकडं, म्हणजे तिथल्या बर्फाच्या गोळ्याकडं. मी वर नेते. पायऱ्या आहेत, गुडघे दुखणाऱ्यांनी चौकात बसावं, पण ज्यांना जमतं त्यांनी यावं. वर पठार आहे, पियानात्सो, आता त्याला वरचं नोतो म्हणतात. आराखड्यातच ठरलेलं होतं, खाली उतारावर सरदार, पाद्री, मठ, नगरपालिका, आणि वर साधी माणसं. वर गेलं की सिंह नाहीत आणि जलपऱ्याही नाहीत, साधी घरं, वाळत घातलेले कपडे, दारात खुर्ची टाकून बसलेली म्हातारी. आमच्या नव्या गावात सुद्धा जमीन ज्याच्याकडं जास्त त्याला मोठा प्लॉट, ज्याच्याकडं कमी त्याला लहान, अशी वेगवेगळी वर्गवारी होती, आणि रस्ते एवढे रुंद की समोरच्या घरातल्या काकूला हाक मारायची तर ओरडावं लागायचं, जुन्या गावात ती भिंतीपलीकडून ऐकायची. त्यामुळे वरच्या नोतोत उभं राहिलं की मला खालचं सौंदर्य कमी वाटत नाही, पण ते कुणासाठी होतं ते कळतं. हे सांगितल्याशिवाय ही फेरी पूर्ण होते असं मी मानत नाही.

आता कॅथेड्रल. सान निकोलो. १३ मार्च १९९६ ला, रात्रीच्या वेळी, याचा घुमट आणि छताचा मोठा भाग खाली आला. त्या वेळी आत कुणी नव्हतं म्हणून जीव वाचले. १९९० च्या डिसेंबरमध्ये त्या भागात भूकंप झाला होता, त्यानं खांब आधीच खिळखिळे झालेले. आणि १९५० च्या दशकात वरचं जुनं लाकडी छप्पर काढून सिमेंट-काँक्रीटचं जड छत घातलं होतं. पण मला यातलं जे सगळ्यात लागलं ते हे, की ते खांब बाहेरून घडवलेल्या दगडाचे, सुंदर, आणि आत काय होतं? भराव. गोटे, दगडांचे तुकडे आणि कमजोर चुना. बाहेरची कातडी चांगली आणि आत पोकळ म्हणावं असं.

मराठवाड्यातल्या लोकांना मी हे सांगते तेव्हा सगळे एकदम गप्प होतात. कारण आमची घरं अशीच होती ना. दोन-दोन, तीन-तीन फूट जाड भिंत, बाहेरून एक थर, आतून एक थर, आणि मध्ये माती नि दगडगोटे. दोन्ही थरांना बांधून धरणारे लांब आडवे दगड नाहीत. वर माळवद, दरवर्षी मातीचा थर चढवून जड झालेलं. उन्हाळ्यात गार, त्यात वाद नाही. पण जमीन हलली की दोन थर सुटले, मधला भराव निसटला आणि माळवद खाली आलं. सहा हजार किलोमीटरवरच्या गवंड्याची आणि आमच्या गवंड्याची चूक एकच, दगड दिसतो तसा आतपर्यंत नव्हता. नोतोवाल्यांनी नंतर कॅथेड्रल उभं केलं ते परत दगड-चुन्यातच, पण खांब आतपर्यंत भक्कम बांधून, वर्षानुवर्षं काम चाललं, २००७ ला उघडलं. आत गेलात तर भिंती फार पांढऱ्या, फार नव्या वाटतात, काही लोक नाराज होतात. मी त्यांना म्हणते खांबाला हात लावा आणि दोन मिनिटं उभे राहा.

गोव्याचा एक धागा आहे, बरोक म्हटलं की कुणीतरी विचारतंच म्हणून सांगते. जुन्या गोव्यात बॉम जेझूस चर्चमध्ये सेंट फ्रान्सिस झेव्हियरची समाधी आहे, तिचा संगमरवरी चौथरा फ्लोरेन्सच्या जोव्हान्नी बात्तिस्ता फोज्जिनीनं घडवला, तस्कनीच्या ग्रँड ड्यूकनं तो पाठवला आणि १६९८ ला तो गोव्यात बसवला. म्हणजे नोतोचे लोक नव्या जागेवर राहायचं की नाही यावर भांडत होते त्याच वर्षांत इटलीतला कोरलेला दगड जहाजातून आपल्या किनाऱ्याला येत होता. गोव्याला जाल तेव्हा चौथऱ्याकडं जरा वेळ काढून बघा.

अजून एक गोष्ट सांगून थांबते. पूर्वी मी जुनं नोतो दाखवायचेच नाही. वेळ नसतो, गाडी वेगळी लागते, आणि तिथं "बघण्यासारखं" काही नाही असं म्हणतात. तटाच्या भिंती, किल्ल्याचा पडका भाग, झाडोरा, उन्हात तापलेले दगड. आता मी आधी तिथंच नेते, मग नवीन शहरात. दोन वर्षांपूर्वी आमच्याबरोबर उमरगा भागातल्या एक आजी होत्या, सत्तरीच्या पुढच्या, मुलीबरोबर आलेल्या. गाईड तटबंदी किती जुनी वगैरे सांगत होती, आजी ऐकत होत्या, आणि मध्येच मला म्हणाल्या, "बाई, तिला विचार, पाणी कुठून भरायचे हे?"

मी विचारलं. गाईड थांबली. म्हणाली, मला हे आजवर कुणी विचारलं नाही. तिनं बॅग खांद्यावर नीट घेतली आणि पायवाट सोडून काट्यातून पुढं निघाली, आजी तिच्या मागं, एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात पदर, आणि आम्ही सगळे त्यांच्या मागं. बरंच फिरल्यावर खडकात खोदलेली एक खोलगट जागा सापडली, गवतानं भरलेली, पावसाचं पाणी साठवायची असावी असं गाईड म्हणाली. आजी कडेला बसल्या, काठावरचा दगड हातानं चाचपला, आणि गुळगुळीत झालेली एक जागा गाईडला बोट धरून दाखवली. मराठीतच सांगितलं तिला, "हितं दोर घासायचा बघ."

मी भाषांतर करायला तोंड उघडलं, तर गाईड मान हलवत होती, तिला कळलं होतं. त्या दिवशी नव्या नोतोत पोचायला आम्हाला दुपार झाली, चर्चं बंद, दुकानं बंद, सगळ्या कॉर्सोवर आम्ही बारा जणच चालत होतो.