दुधी आधी चाखा, मग चिरा

नमस्कार मंडळी. भाजीतलं विष म्हटलं की आपण लगेच फवारणीवर घसरतो. फवारणीचा प्रश्न आहेच, पण काही विषं वेल स्वतःच तयार करतो, त्याला कोणी काही मारलेलं नसतं.

आता आमच्या अमळनेरकडच्या जिभाऊंचं ऐका. शुगर निघाली, कोणीतरी मोबाईलवर व्हिडिओ पाठवला, उपाशीपोटी दुधीचा रस प्या म्हणून, झालं, जिभाऊंनी मिक्सर ताब्यात घेतला. एरवी काकू दुधी चिरायच्या आधी देठाकडची चकती काढून जिभेला लावायच्या, तुम्हीही लावताच, पण त्या दिवशी काकू माहेरी. जिभाऊंनी मळ्यातल्या विहिरीवरच्या वेलाचा दुधी घेतला, सालासकट फिरवला, पहिला घोट कडूजहर. थुंकायचं ना! तर हे म्हणतात, औषध कडूच ऱ्हातं, आणि नाक दाबून अख्खा ग्लास खाली. अर्ध्या तासात पोटात पिळा, जुलाब, मग रक्ताची उलटी, पुतण्याने गाडीत घालून जळगावला नेलं. डॉक्टरने पहिलंच विचारलं, दुधी कडू होता का? याच्यावर उतारा नाही म्हणाले, सलाईन लावून बीपी सांभाळत बसायचं. आणि जिभाऊ जरा सावरले की विचारतात काय, उरलेल्या अर्ध्या दुधीचा हलवा केला तर चालेल का! डॉक्टर कपाळाला हात लावून बसले. (तसाही दुधीचा हलवा मला पटत नाही, हलवा गाजराचा. दुधी चणाडाळीतच शोभतो, वरून लसणाची फोडणी, सोबत कळण्याची भाकरी.)

तर या विषाचं नाव कुकुरबिटासिन. शिजवून जात नाही, साखर घालून जात नाही. 2010 साली दिल्लीत कडू दुधीचा रस पिऊन एक शास्त्रज्ञ दगावले, म्हणजे शिकलेल्यांनाही सुटका नाही. पुन्हा सांगतो, दुधी, काकडी, गिलकं, दोडकं, यातलं काही कडू लागलं की थुंका आणि फेकून द्या. कारलं वेगळं, त्याचा कडूपणा वेगळा.

दुधीचं निदान जिभेला कळतं. शेंगदाण्यातलं, मक्यातलं अफ्लाटॉक्सिन कळत नाही. माल ओला राहिला, पोत्यात कोंदटला की बुरशी धरते आणि ती हे विष सोडते, भाजून तळूनही ते पूर्ण जात नाही. 1974 साली शेजारच्या गुजरात-राजस्थानच्या आदिवासी पट्ट्यात असा मका खाऊन शंभरावर माणसं काविळीने गेली. म्हणून शेंगा कडकडीत वाळवा, कडकडीत बरं का, आणि चटणीचे दाणे निवडताना काळपट, सुरकुतलेला, बुरशीचा दाणा बाजूला काढा. बाजूला काढलेला ढोरांच्या टोपल्यात टाकू नका, गाय-म्हैस खाते आणि ते दुधात उतरतं, मग सकाळच्या चहातून परत तुमच्याच घरात.