बोंड फुटायच्या आधी धाग्याची पारख

श्रोतेहो, नमस्कार. कपाशीचा धागा मजबूत आहे की नाही, हे कळायला बोंड फुटावं लागतं. वेचणी होते, सरकी निघते, मग रुई यंत्रावर तपासतात. यात पाच-सहा महिने जातात आणि नको असलेली शेकडो झाडं पैदासकाराच्या शेतात तोवर वाढत राहतात. जनुकीय मार्कर, म्हणजे हव्या जनुकाजवळची डीएनएवरची ओळखखूण, वापरला, तर रोप दोन-तीन पानांचं असतानाच त्यातली बरीचशी बाद करता येतात.

समजा, भरघोस बोंडं देणाऱ्या वाणाचा धागा कमजोर आहे. मजबूत धाग्याच्या वाणाशी त्याचा संकर करायचा आणि आलेलं झाड पुन्हा मूळ वाणाशी जोडायचं, यालाच पुनःसंकर म्हणतात. उद्या उमलणाऱ्या कळीतले पुंकेसर आज दुपारनंतर काढायचे, परागकण दुसऱ्या दिवशी सकाळी लावायचे. अशा 200 रोपांपैकी सुमारे 100 रोपांत मजबुतीचा जनुकीय भाग येतो. बाकीची फुलोऱ्याआधीच उपटायची.

खरी कसोटी पुढे आहे. त्या भागाला चिकटून उत्पादन घटवणारी जनुकंही येऊ शकतात. म्हणून दोन्ही बाजूंचे मार्कर तपासून, मजबुतीच्या भागाच्या अगदी जवळ गुणसूत्राचा तो तुकडा तुटलेली रोपं शोधावी लागतात. ती फार थोडी असतात, त्यामुळे रोपांच्या संख्येत काटकसर करू नये. मूळ वाणाचा वाटा पहिल्या पुनःसंकरात सरासरी 75 टक्के, दुसऱ्यात 87.5 आणि तिसऱ्यात 93.75 होतो. उरलेल्या गुणसूत्रांवरचे मार्कर पाहून रोपं निवडली, तर एखादी पिढी वाचते.

आता प्रयोगशाळेत. पान शेंड्याजवळचं, कोवळं घ्या आणि बर्फात ठेवून न्या. जून पानात फिनॉल जास्त असतात. पान कुटताच ती हवेशी संयोग पावतात, डीएनए तपकिरी पडतो आणि पुढची पीसीआर, म्हणजे डीएनएच्या हव्या तुकड्याच्या असंख्य प्रती काढायची क्रिया, फसते. म्हणून डीएनए काढायच्या द्रावणात पीव्हीपी आणि मर्काप्टोइथेनॉल ही फिनॉलना आवरणारी रसायनं घालून ते 65 अंश सेल्सिअसला तापवतात. रोपाचा बिल्ला आणि नळीचा क्रमांक मात्र दोघांनी मिळून ताडून पाहावा. इथे चूक झाली, तर चांगलं रोपच उपटलं जातं.

दुसऱ्यांच्या संशोधनातला मार्कर तसाच उचलू नका. अमेरिकन कपाशीत दोन पूर्वजांचे मिळून 26 गुणसूत्रांच्या जोड्या आहेत, त्यामुळे एकच मार्कर दोन ठिकाणी दिसू शकतो. शिवाय तिचे वाण आपसांत इतके जवळचे असतात, की कित्येक मार्कर दोन्ही पालकांत सारखेच निघतात. आधी दोन्ही पालक आणि त्यांचा संकर तपासा, फरक स्पष्ट दिसला तरच पुढे जा.

उत्पादन अनेक लहान जनुकांच्या हाती असतं, एक-दोन मार्करांनी ते वाढत नाही. निवडलेल्या ओळी, म्हणजे एकेका निवडक झाडाची पुढची संतती, कोरडवाहू आणि ओलिताखाली किमान दोन हंगाम घ्याव्याच लागतात. नमुन्यासाठी प्रत्येक झाडाच्या मधल्या फळफांद्यांवरची, खोडालगतची पहिलीच बोंडं वेचा. शेंड्याची, उशिरा धरलेली बोंडं मिसळली तर अपक्व धाग्यामुळे मायक्रोनेअर, म्हणजे धाग्याची जाडी आणि पक्वता सांगणारा आकडा, 3.5 च्या खाली घसरतो आणि चांगली ओळही वाईट ठरते.