किंमत एकदा, बिल दर महिन्याला

(रात्र. हॉटेलची मागची भिंत. आधी साधा कॅमेरा, मग थर्मल कॅमेरा.)

ही हॉटेलची मागची बाजू. माहितीपत्रकात हिचा फोटो नसतो. साध्या कॅमेऱ्यात काळोख, पाइप आणि पत्र्याचे डबे, एवढंच दिसतं. थर्मल कॅमेरा लावला की चित्र हे असं होतं. जांभळं ते गार, पिवळं ते गरम आणि पांढरं पडलेलं सगळ्यात गरम. चित्रीकरण मुद्दाम रात्री केलंय. दिवसा उन्हानं अख्खी भिंतच तापते आणि एसीची उष्णता त्यात ओळखू येत नाही.

आता तळापासून वर बघत चला. दोन भिंतींमधल्या अरुंद बोळात, एकाच्या डोक्यावर एक अशी एसीची आउटडोअर, म्हणजे बाहेर बसणारी, यंत्रं बसवली आहेत. सगळ्यात खालचं यंत्र बाहेरची हवा ओढतं, तापवतं आणि सोडून देतं. गरम हवा वर चढते. वरचं यंत्र तीच हवा ओढून घेतं, आणखी तापवतं, आणखी वर पाठवतं. मजला चढेल तसा रंग बदलतोय तो यामुळं. सगळ्यात वरच्या यंत्राच्या वाट्याला ताजी हवा जवळपास येतच नाही.

यंत्र तेच, मॉडेल तेच, तरी वरच्या मजल्याला तेवढ्याच गारव्यासाठी जास्त वीज लागते. खोलीतली उष्णता बाहेरच्या हवेत ढकलायची तर यंत्राच्या नळ्यांत फिरणारा गॅस त्या हवेपेक्षा गरम असावा लागतो. हवा जितकी तापलेली, तितका दाब जास्त, तितका गॅस दाबणाऱ्या कॉम्प्रेसरला जोर जास्त. दर्शनी भाग देखणा राहावा म्हणून ही यंत्रं अशा बोळात दडवली जातात. तो देखणेपणा रोज रात्री मीटरवर चढतो.

(गोदाम. उघडलेली दोन खोकी. एसीच्या बाजूची पट्टी, जवळून.)

एसी विकत घेणाऱ्याची नजर कोटेशनच्या शेवटच्या ओळीवर असते. आपण ही पट्टी वाचू. गारव्याची क्षमता 3.5 किलोवॉट, म्हणजे बाजारात ज्याला एक टनाचा एसी म्हणतात तो. त्याखाली विजेचा आकडा, 1.25 किलोवॉट. वरच्याला खालच्यानं भागलं की येतात 2.8. एक भाग वीज खाऊन हे यंत्र खोलीतली 2.8 भाग उष्णता बाहेर नेऊन टाकतं. दुसऱ्या खोक्यावरही क्षमता 3.5 च आहे, पण वीज 0.875. भागाकार येतो 4. खोली दोन्हींनी सारखीच गार होणार आणि पाहुण्याला यातलं काही कळणार नाही.

हे आकडे प्रयोगशाळेतले आहेत. बाहेर 35 अंश, आत 27 अंश आणि यंत्र पूर्ण भारावर. हॉटेलची खोली अशी क्वचितच चालते. पाहुणा संध्याकाळी येतो, खोली थोड्या वेळात गार होते आणि मग रात्रभर ते तापमान फक्त टिकवायचं असतं. म्हणून हॉटेलसाठी जास्त कामाचा आकडा म्हणजे हंगामी कार्यक्षमता, जो कमीजास्त भार धरून काढलेला असतो. कोटेशनमध्ये तो न मागता मिळेलच असं नाही. मागायचा.

एवढी साधी गोष्ट सगळेच करत असतील असं वाटतं. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेनं 2018 साली जगभरातल्या विक्रीचा आढावा घेतला तेव्हा दिसलं की विकल्या जाणाऱ्या एसींची सरासरी कार्यक्षमता दुकानांत सहज मिळणाऱ्या यंत्रांच्या निम्म्याहूनही कमी आहे. चांगलं यंत्र समोर असतं, उचललं जातं दुसरंच. हॉटेलात तर याला आणखी एक कारण आहे. यंत्र घेतो खरेदी विभाग, बिल भरतो लेखा विभाग आणि रिमोट असतो पाहुण्याच्या हातात. तिघांची गाठ पडतच नाही.

(प्रशिक्षण केंद्र. मधोमध कापलेला रोटरी कॉम्प्रेसर.)

हा कॉम्प्रेसर शिकवण्यासाठी कापलाय. आतला हा लोखंडी रोलर फिरतो आणि गॅस दाबत जातो. जुन्या यंत्रात याला एकच वेग. खोली गार झाली की बंद, तापली की पुन्हा पूर्ण वेगानं सुरू. रात्रभर चालूबंद, चालूबंद. झोपलेल्या माणसाला तो प्रत्येक धक्का ऐकू येतो.

इन्व्हर्टर यंत्रात रोलरचा वेग गरजेप्रमाणे बदलतो. हे तंत्र जपानी कंपन्यांनी 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला बाजारात आणलं, म्हणजे नवलाई संपून बराच काळ लोटला. वेग कमी झाला की गॅस कमी फिरतो, पण दोन्ही कॉइल, म्हणजे हवेशी उष्णतेची देवघेव करणारी आतली आणि बाहेरची नळ्यांची जाळी, पहिल्याइतक्याच मोठ्या राहतात. थोड्या उष्णतेला ऐसपैस जागा मिळाल्यानं दाबातला फरक घटतो आणि तेच काम कमी जोरात होतं. पंख्यांचं गणित याहून मजेदार. पंख्याला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. वेग 80 टक्क्यांवर आणा, शक्ती जवळजवळ निम्म्यावर येते.

मग सगळ्यात मोठा एसी घ्यावा का? नाही. खोलीच्या मानानं मोठं, ठराविक वेगाचं यंत्र हवा पटकन गार करतं आणि थांबतं. हवेतली ओल काढायला कॉइल थंड राहून काही काळ सतत चालावी लागते, तेवढा वेळच तिला मिळत नाही. खोली गार, पण चादर दमट. पाहुणा तक्रार करतो आणि तापमान आणखी खाली ओढतो. रिमोटवर 16 टाकल्यानं असं यंत्र लवकर गार करत नाही. ते फक्त उशिरा थांबतं.

(गच्ची. नवं यंत्र बसतंय. तांब्याच्या नळीवर काम करणारे हात.)

आता हे काम पूर्ण बघा. कारण पट्टीवरचा आकडा खरा ठरतो तो इथं.

आधी नळी कापली. कापताना आतल्या कडेला जी बारीक धार उरते ती काढताना नळीचं तोंड खाली धरलंय, म्हणजे कीस आत पडत नाही. मग नट सरकवला. नट विसरून फ्लेअर केला, म्हणजे नळीचं तोंड शंकूसारखं पसरवलं, तर ते तोंड कापून पुन्हा पहिल्यापासून. फ्लेअरचा शंकू गुळगुळीत आलाय का, हे कारागीर बोटानं नाही, टॉर्चनं तपासतोय. एक ओरखडा राहिला तर गॅस हळूहळू, महिनोन्महिने गळत राहील आणि यंत्र बंद न पडता फक्त जास्त वेळ चालत राहील. अशी गळती बिलातून कळते, तीही उशिरा.

नट टॉर्क रेंचनं आवळला. नायट्रोजन भरून दाब धरला आणि सांध्यांवर साबणाचा फेस लावला. बुडबुडा नाही. आता व्हॅक्यूम पंप. गेजवरचा आकडा उतरतोय तो मायक्रॉनमध्ये, म्हणजे नळीत उरलेल्या दाबाच्या मापात. 500 च्या खाली गेला की पंप बंद करायचा आणि नुसतं बघत बसायचं. आकडा पुन्हा चढू लागला तर नळीत ओल किंवा गळती आहे. हे बघत बसणं सगळ्यात कंटाळवाणं, म्हणून घाईत सगळ्यात आधी गाळलं जातं ते हेच. जादा गॅस लागला तर तो काट्यावर तोलून, नळीच्या लांबीनुसार. हाताला नळी गार लागली म्हणजे गॅस बरोबर, हा प्रकार इथं चालत नाही.

आउटडोअर बोळातून काढून इथं मोकळ्यावर आणलीत. नळ्या लांबल्या, त्याचं थोडं नुकसान आहे. ते सोसायचं, पण लांबीची मर्यादा यंत्राच्या पुस्तिकेत बघूनच.

(खोली. खिडकीखालचा एकखोकी एसी. पुन्हा थर्मल कॅमेरा.)

ही दुसरी जात. कॉम्प्रेसर, दोन्ही कॉइल, पंखे, सगळं एकाच खोक्यात, आणि खोकं भिंतीतल्या पत्र्याच्या चौकटीत. या चौकटीचं सर्वाधिक चालणारं माप 42 इंच रुंद आणि 16 इंच उंच, त्यामुळं जुनं ओढून काढायचं आणि नवं सरकवायचं, भिंत फोडायला नको. खोक्याभोवती ही जी उजळ रेघ दिसते, ती फट आहे. बाहेरची गरम हवा इथून सरळ पलंगापर्यंत येते. एसी बंद असला तरी येते. फोमची नवी पट्टी लावल्यावर त्याच जागी रेघ विझलीय.

थंडीत खोली उबदार करायलाही हेच यंत्र वापरत असाल तर पट्टीवर आणखी एक गोष्ट बघा. आत नुसता विजेचा हीटर असेल तर एक युनिट विजेची एक युनिटच ऊब मिळते. हीट पंप, म्हणजे उलटा चालून बाहेरची उष्णता आत आणणारा एसी, असेल तर बाहेर कडाक्याची थंडी नसताना दोन-तीन युनिटांइतकी मिळते.

(अंगण. काढलेली कॉइल. पाण्याची फवारणी.)

आणि हे दृश्य. ही खोलीतल्या एसीची आतली कॉइल आहे. वरून बघितली तर राखाडी दिसते, अॅल्युमिनियमच्या पात्यांसारखीच. फवारा मारल्यावर खाली उतरणारं पाणी बघा. काळं. त्यात तरंगतोय तो कापूस. हॉटेलच्या खोलीत रोज चादरी झटकल्या जातात, टॉवेल बदलले जातात, गालिचा घासला जातो. त्यातून उडणारी बारीक लव आधी फिल्टरवर बसते. फिल्टर भरला की कडेच्या फटीतून कॉइलवर.

कॉइलवर लव आणि ओल एकत्र आली की तिचा नमदा होतो. हवा कमी जाते, कॉइल नको तितकी थंड पडते, कधी तिच्यावर बर्फ धरतो आणि गारवा खोलीत पोचतच नाही. महागातलं कार्यक्षम यंत्रही असं झालं की स्वस्तातल्या यंत्रासारखं वागतं. पाण्याचा दाब मुद्दाम कमी ठेवलाय आणि फवारा पात्यांच्या रेषेत सरळ धरलाय. तिरका धरला तर पाती आडवी होतात. इथं झालीच आहेत काही. त्यांच्यातून ही फणी फिरते आणि पाती उभी होतात. हे बघायला इतकं बरं वाटतं की संकलनात हा तुकडा लांबला, तसाच राहू दिलाय.

फिल्टर धुण्याचं काम देखभाल विभागाकडून काढून हाउसकीपिंगकडे दिलं की ते होतं. त्यांची माणसं खोलीत रोज जातात. गाडीवर एक धुतलेला फिल्टर ठेवायचा, मळका काढून तो बसवायचा, मळका खाली न्यायचा.

(दारामागचा की-कार्डचा खाचा. त्यात अडकवलेलं व्हिजिटिंग कार्ड.)

रिकाम्या खोलीतला गारवा वाचवायला हा खाचा असतो. किल्ली काढली की वीज बंद. पाहुण्यांनी त्यावर केव्हाच तोड काढलीय, ती तुम्ही बघताय. नुसता हालचाल ओळखणारा सेन्सर लावला तर माणूस गाढ झोपला की यंत्राला खोली रिकामी वाटते, आणि रात्री दोन वाजता रिसेप्शनचा फोन वाजतो. म्हणून दारावरचा चुंबकी स्विच आणि सेन्सर यांची जोडी लावतात. दार उघडून बंद झालं आणि नंतर बराच वेळ हालचाल नाही, तरच खोली रिकामी. दार उघडलंच नाही, तर माणूस आत आहे. बाल्कनीच्या दारालाही तसाच स्विच लावता येतो. दार उघडं, एसी थांबला.

रिकाम्या खोलीत एसी पूर्ण बंद करायचाही मोह नको. दमट हवेत दोन दिवस बंद राहिलेल्या खोलीत पडद्यांना वास धरतो, कोपऱ्यात बुरशी येते. तापमान काही अंश वर सोडायचं आणि ओलीवर लक्ष ठेवायचं.

(मीटरची खोली.)

हिशेब थोडक्यात. मघाची दोन खोकी आठवा. 1.25 वजा 0.875, फरक 0.375 किलोवॉटचा. वर्षाला पूर्ण भाराचे 2,000 तास धरले तर एका खोलीमागे 750 युनिटं, 100 खोल्यांमागे 75,000. एका खोलीच्या 750 ला तुमच्या दरानं गुणा आणि दोन यंत्रांच्या किमतीतल्या फरकाला त्यानं भागा. किती वर्षांत पैसे सुटतात ते येईल. गॅसही बघून घ्या. तापमानवाढीच्या मापात, कार्बन डायऑक्साइडला 1 धरून, आर-410ए या गॅसचा आकडा 2,088 आणि आर-32 चा 675 आहे, आणि 2016 च्या आंतरराष्ट्रीय किगाली करारानंतर जास्त आकड्याचे गॅस टप्प्याटप्प्यानं कमी होत चाललेत. जुनं यंत्र काढताना त्यातला गॅस हवेत न सोडता सिलिंडरमध्ये भरून घ्यायचा.

सगळ्या खोल्या एकदम बदलायची गरज नाही. इथं एकाच मजल्यावर, एकाच दिशेला तोंड असलेल्या शेजारशेजारच्या दोन खोल्यांना वेगळे मीटर लावलेत. एकीत जुनं यंत्र, दुसरीत नवं. महिनाअखेरीला प्रत्येकीची युनिटं त्या खोलीत पाहुणा राहिला तेवढ्या रात्रींनी भागायची. नाहीतर जी खोली कमी वेळा दिली गेली तीच काटकसरी ठरेल. हा आकडा लेखा विभाग काढतो आणि त्याची एक प्रत खरेदी विभागाच्या फायलीत, पुढच्या मजल्याच्या कोटेशनच्या वर लावतो.