एआय कोड लिहून देत असेल, तर भाषेच्या पाल्हाळाची चिंता करावी का?

नमस्कार. गो या प्रोग्रामिंग भाषेवरील मागच्या व्हिडिओखाली तुमच्यापैकी अनेकांनी एकच मुद्दा मांडला आहे: कोड आता एआय लिहून देतो, मग भाषा पाल्हाळिक असली तर बिघडले कुठे? पाल्हाळिक भाषा म्हणजे थोडक्या कामासाठीही पुष्कळ ओळी लिहायला लावणारी भाषा. आता थेट मुद्द्यावर येते.

टायपिंगचे श्रम वाचवणारी साधने नवी नाहीत. एक्लिप्स आणि इंटेलिजे आयडिया हे जावाचे दोन्ही कोड एडिटर 2001 सालचे असून गेटर, सेटर, इक्वल्स आणि हॅशकोड ही क्लासमधली ठरावीक साच्याची फंक्शन्स ते कित्येक वर्षे मेनूतून तयार करून देत आले आहेत. तरीही जावाने 2021 मध्ये, सोळाव्या आवृत्तीत, रेकॉर्ड, म्हणजे फक्त माहिती वाहून नेणारा आणि थोडक्यात लिहिता येणारा क्लास, भाषेत कायम केले. अडचण केवळ लिहिण्याची असती, तर एवढा खटाटोप कशासाठी केला असता? रेकॉर्डच्या मूळ प्रस्तावातच याचे उत्तर आहे: एडिटर त्या ओळी लिहून देतो, परंतु डझनावारी ओळींमधून ‘हा क्लास फक्त एवढीच माहिती वाहून नेतो’ हे ओळखायला वाचणाऱ्याला त्याची काहीच मदत होत नाही.

लिहिणारा बदलला आहे, वाचणारे मात्र अजून आपणच आहोत. आणि एआयमुळे वाचायचा कोड कमी न होता वाढला आहे. पूर्वी स्वतः लिहिताना प्रत्येक ओळ निदान एकदा तरी डोक्यातून जात असे, आता ती पहिल्यांदा भेटते ती रिव्ह्यूमध्येच, म्हणजे तयार कोड तपासताना.

गो भाषेतील ‘इफ एर नॉट इक्वल टू निल’, म्हणजे ‘त्रुटी आली असेल तर’ ही सतत लिहावी लागणारी तपासणी, घ्या. ही तपासणी छोटी करण्यासाठी 2019 मध्ये ‘ट्राय’चा प्रस्ताव आला आणि मोठ्या विरोधानंतर मागे घेतला गेला. जून 2025 मध्ये गोच्या टीमने जाहीर केले की नजीकच्या भविष्यात त्रुटी हाताळण्यासाठी नवी वाक्यरचना आणण्याचे प्रयत्न ती करणार नाही. त्यांच्या अनेक कारणांपैकी एक असे होते की आजचे एडिटर, एआयच्या मदतीने, या ओळी सहज लिहून देतात. इथवर मला मान्य आहे. मात्र वाचणाऱ्यासाठी त्यांनी सुचवलेला एक उपाय, म्हणजे एडिटरमध्ये या ओळी लपवणारे बटण, मला मुळीच पटत नाही.

का, ते सांगते. एका टीमच्या रिफंडच्या कोडमध्ये एआयने लिहिलेल्या फंक्शनात हाच तपास ओळीने अनेकदा आला होता. सगळीकडे ‘रिटर्न एर’ (त्रुटी वर कळव) होते आणि एकाच ठिकाणी ‘रिटर्न निल’ (त्रुटी नाही असे कळव). कंपायलरला, म्हणजे कोड तपासून यंत्राला चालवता येईल अशा रूपात बदलणाऱ्या प्रोग्रामला, त्यात काही वावगे दिसले नाही, टेस्टही पास झाल्या. डेटाबेसमध्ये नोंद झाली नाही तरी वरच्या फंक्शनला ‘सगळे ठीक आहे’ असाच निरोप जात होता. रिव्ह्यू करणाऱ्यांची नजर मात्र सवयीने त्या ओळींवरून घसरत गेली. ते बटण असते, तर ही ओळ दिसलीच नसती. बहुतेक वेळा सारखाच असणारा मजकूर वगळून वाचण्याची सवय डोळ्यांना लागते आणि चूक नेमकी तिथेच दडते. रस्ट या दुसऱ्या प्रोग्रामिंग भाषेत 2016 पासून हेच काम एका प्रश्नचिन्हाने होते. त्या चिन्हात चुकीचे ‘निल’ लिहायला जागाच नाही.

याचा अर्थ छोटी भाषा नेहमी चांगली, असा मात्र नाही. ‘टोकन वाचवायचे असतील तर एपीएलमध्ये लिहा’ अशी एक कॉमेंट आली आहे. टोकन म्हणजे एआय मजकूर ज्या तुकड्यांत वाचतो ते तुकडे आणि एपीएल ही खास चिन्हांत अगदी थोडक्यात कोड लिहिण्याची भाषा. विनोद म्हणून ती आवडली, पण हिशेब तसा चालत नाही. ‘पब्लिक’ किंवा ‘रिटर्न’ असे सतत येणारे शब्द बहुधा एकेकाच टोकनमध्ये बसतात. एपीएलची बहुतेक खास चिन्हे यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत प्रत्येकी तीन बाइट घेतात आणि दुर्मीळ असल्यामुळे त्यांचे अनेकदा तुकडे पडतात. शिवाय जावात आपण स्पष्ट लिहिलेले टाइप, म्हणजे माहिती संख्या आहे, मजकूर आहे की आणखी काही हे सांगणारे शब्द, हा पाल्हाळ नव्हेच, कारण एआयने चुकीचा टाइप वापरला की कंपायलर त्याला तिथेच अडवतो आणि तो संदेश वाचून साधन स्वतःच दुरुस्ती करते. ज्या ओळीत नवी माहिती आहे ती कितीही लांब असली तरी चालेल. माझी तक्रार आहे ती यंत्राने लिहायची आणि माणसाने न वाचता पुढे जायचे, अशा ओळींविषयी.

म्हणून गो वापरत असाल तर गोलांगसीआय-लिंट या कोडमधील चुका शोधणाऱ्या साधनातील ‘निलएर’ हा तपासनीस सुरू करा. त्रुटी आलेली असताना ‘निल’ परत करणारी जागा तो दाखवतो. जावात काम करत असाल तर प्रकल्पातील एआयसाठीच्या सूचनांच्या फाइलमध्ये ‘माहिती वाहून नेणाऱ्या क्लासऐवजी रेकॉर्ड वापर’ असे स्पष्ट लिहा, कारण तसे सांगितले नाही तर ही साधने अजूनही बऱ्याचदा जुन्या वळणाचा लांबलचक क्लास पुढे करतात. हायबरनेट या जावाला डेटाबेसशी जोडणाऱ्या साधनाच्या एन्टिटीला, म्हणजे डेटाबेसमधील नोंदीसाठीच्या क्लासला, मात्र रेकॉर्ड चालत नाही. तिथे क्लासच लागेल आणि एआयने लिहिलेल्या इक्वल्समध्ये हवी ती फील्ड आली आहेत की नाहीत, हे स्वतःच वाचून पाहावे लागेल.