नट्टीच्या दिवसांतली अंगदुखीची गोळी

मंडळी, खानापूर भागात भाताची नट्टी, म्हणजे रोपांची लावणी, सुरू झाली की कंबर धरून दवाखान्यात येणारे वाढतात. त्याहून जास्त लोक थेट औषधाच्या दुकानात जातात. "कंबर लई दुखालीय, गोळी द्या" म्हटलं की कापलेल्या पट्टीतल्या चार गोळ्या हातात पडतात, नाव नाही की तारीख नाही. दिवसभर चिखलात वाकायचं म्हटल्यावर गोळी घेणाऱ्याला मी नावं ठेवणार नाही. पण बीपीची गोळी चालू असताना ही गोळी आठवडाच्या आठवडा घेणं, हे वाईट.

डायक्लोफिनॅक, ॲसिक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन ही त्यातली नेहमीची औषधं. आपल्या शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाचं द्रव्य तयार होतं. गुडघ्यात ते कळ आणि सूज आणतं. मूत्रपिंडात मात्र ते उपयोगाचं: अंगातलं पाणी कमी झालं तरी तिथल्या रक्तवाहिन्या ते उघड्या ठेवतं. गोळी ते दोन्हीकडे अडवते. त्यात टेल्मिसार्टनसारखी बीपीची गोळी, जोडीला लघवी वाढवणारी गोळी, आणि वर जुलाब झाले किंवा पाणी कमी पडलं, तर मूत्रपिंडाला रक्त पुरत नाही आणि थोड्याच दिवसांत रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंड बाहेर टाकतं तो टाकाऊ पदार्थ, चढू लागतं. दुखत काहीच नाही, म्हणून पत्ता लागत नाही. शिवाय बीपीही वाढतं, आणि माणूस म्हणतो, डॉक्टरांची गोळी लागू पडेना!

पाण्याचं बोललो म्हणून सांगतो. बांधावर आडोसा नाही, म्हणून बायका सकाळपासून पाणीच पीत नाहीत. हा दोष त्यांचा नाही, पण सोसावं त्यांनाच लागतं.

तुमच्यातल्या जुन्या माणसांनी मेलेल्या जनावरावर उतरणारी गिधाडं पाहिली असतील. ती गेली कशानं? डायक्लोफिनॅक टोचलेल्या जनावराचं मांस खाऊन त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली. 2006 साली आपल्या देशात जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली. आपल्याला ते गिधाडांइतकं बाधत नाही. पण इंद्रिय तेच.

मग दुखलं तर काय घ्यायचं? आधी पॅरासिटामॉल. धडधाकट मोठ्या माणसाला दिवसभरात 500 मिलिग्रॅमच्या आठ गोळ्या ही शेवटची हद्द. एवढ्या घ्याच असं नाही. रोज दारू घेणाऱ्यानं किंवा कावीळ होऊन गेलेल्यानं विचारूनच घ्यावी. सर्दीच्या बहुतेक गोळ्यांतही पॅरासिटामॉल असतं, तेही या हिशेबात धरा. पावसाळ्यात ताप आला तर डेंग्यू नाही हे कळेपर्यंत दुखण्याच्या बाकी गोळ्यांना हात लावू नका, त्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. डांबरासारखी काळी शौच झाली किंवा लघवी कमी झाली, तर सकाळची वाट बघू नका.

आपल्याकडचे लोक बेळगावला दाखवतात, मग मिरजेला, मुलगा गोव्यात असेल तर बांबोळीला. तीन ठिकाणचे तीन कागद, आणि एकाला दुसऱ्याचा पत्ता नाही. कागद राहू दे, घरातल्या सगळ्या पट्ट्या एका पिशवीत घालून आणा. गोळी काढताना पट्टीचा नाव छापलेला भाग शेवटपर्यंत ठेवा. बीपी किंवा साखर असेल तर वर्षातून एकदा तरी क्रिएटिनिन आणि लघवीतलं प्रोटीन तपासून घ्या.

आणि बाजारातल्या त्या सांधेदुखीच्या पुड्या. एका दिवसात गुडघा मोकळा झाला तर आत स्टेरॉइड असण्याचा संशय घ्या. पण महिनोन्महिने घेत असाल तर एकदम थांबवू नका, पुडी घेऊन या. कुणी रागावणार नाही.