संध्याकाळ कुठे घालवणार, ते आधी ठरवा

मंडळी, दापोलीकरांना मुक्कामाच्या खोल्यांबद्दल सांगायला मी रत्नागिरीहून यावं, हा तसा आगाऊपणाच. मुरूड, कर्दे, लाडघर इथे खोल्या चालवणारे तुमच्यातलेच कितीतरी असतील. पण एक बघितलंय, यजमान म्हणून आपण जेवढे चोख, तेवढेच पाहुणे म्हणून भाबडे. बावीस वर्षं मी आमच्या घरच्या छोट्या लॉजच्या काउंटरवर बसले. तुमच्या बाजूची माणसं जिल्ह्याच्या गावी, रत्नागिरीला, यायची ती कोर्टाला, सिव्हिलला, नाहीतर लग्नाला. आता नुसती फिरायलाही येतात. दाभोळहून फेरीने धोपावे, पुढे गुहागर, तवसाळला पुन्हा फेरी, जयगड, गणपतीपुळ्याला दर्शन, आणि आरे-वारेचा रस्ता धरून तिन्हीसांजेला रत्नागिरीत. गाडीत गुडघे धरून बसलेल्या आजी, मागे पेंगुळलेलं पोर, आणि फोनवर पहिला प्रश्न, "ताई, कमीत कमी कितीत बसेल?"

कुठे राहायचंय, हे कोणी विचारत नाही.

यात मीही शहाणी नव्हते. एका मे महिन्यात नणंदेचं कुटुंब आलं, आमच्या खोल्या भरलेल्या. मी त्यांना स्टेशनच्या बाजूला एका लॉजवर खोली घेऊन दिली. दिवसाला चारशे रुपये कमी. मला वाटलं, काय हुशारी केली! आता आमचं स्टेशन म्हणजे कुवारबावला, गावापासून सहा-सात किलोमीटरवर. कोकण रेल्वे आतल्या बाजूने गेली, समुद्रकाठी नाही, त्यामुळे कोकणात बऱ्याच ठिकाणी स्टेशन एकीकडे आणि गाव दुसरीकडे. तुमचंच बघा, दापोलीला जायला उतरायचं खेडला. तर ही मंडळी सकाळी रिक्षाने गावात आली, दुपारी जेवून विश्रांतीला परत खोलीवर, संध्याकाळी पुन्हा मांडवीचा किनारा बघायला, रात्री पुन्हा खोलीवर. चार फेऱ्या. चारशे तर त्यातच गेले, वर आणखी पदरचे घातले. पण पैशांचं एवढं नाही. रात्री साडेनऊला नणंदेचा फोन, "वहिनी, इथे कपभर दूध कुठे मिळेल?" धाकटा तीन वर्षांचा, दूध प्यायल्याशिवाय झोपायचा नाही. खाली हमरस्ता, टायरचं दुकान बंद, पानाची टपरी बंद. माझे यजमान स्कूटरवर स्टीलच्या डब्यात गरम दूध घेऊन गेले. झाकणाला फडकं बांधलं होतं, तरी पोचेपर्यंत अर्धं सांडलं. ती बाई अजून दर दिवाळीला विचारते, "डबा धुतला का गं?"

त्या दिवसापासून मी फोनवर उलटा प्रश्न विचारायला लागले, "संध्याकाळी सहा ते नऊ काय करणार?" दिवसा काय, तुम्ही गाडीतच असता. पावस एका टोकाला, गणपतीपुळं दुसऱ्या. खोली कुठेही असली तरी दिवसाच्या अंतरात फारसा फरक पडत नाही. फरक पडतो परत आल्यावर. अंघोळ झाली, ज्येष्ठांना हलायचं नाही, पोरांना भूक लागलीय. तेव्हा पायी पाच मिनिटांवर काय आहे, तीच तुमची वस्ती.

या हिशेबाने रत्नागिरी बघा. एसटी स्टँड, गोखले नाका, रामआळी हा जुना बाजार. खाणावळ, औषधाचं दुकान, दूध, केळी, मुलाची तुटलेली चप्पल, सगळं हाताशी. टिळक आळीतलं टिळकांचं जन्मस्थान आणि १९३१ सालचं पतितपावन मंदिरही याच भागात. एसटीने येणाऱ्यांनी दुसरीकडे बघूच नये. पण आवाज आहे, गाडी लावायला जागा नाही, आणि जुन्या इमारतींना लिफ्ट नाही. "पहिला मजला" म्हणतात, त्याखाली दुकानाचा उंच गाळा असतो, म्हणजे जिने दोन मजल्यांचे. आजी बरोबर असतील तर पायऱ्या किती ते विचारा. मजला विचारू नका, पायऱ्या विचारा.

स्वतःची गाडी असेल तर मारुती मंदिर, शिवाजीनगर, साळवी स्टॉप. ही वरची, नवी रत्नागिरी. रस्ते रुंद, रात्री दहापर्यंत खायला मिळतं, दवाखाने जवळ, आणि हातखंब्याला महामार्गावर जायला गावातून फिरावं लागत नाही. समुद्र दिसत नाही, हे खरं. चार-पाच माणसांच्या मध्यम खिशातल्या कुटुंबाला मी डोळे मिटून हाच पट्टा सांगते.

आता समुद्र. प्रत्येकाला खिडकीतून समुद्र हवा. अहो, दापोलीच्या माणसाला समुद्र बघायला जादा पैसे मोजायची हौस का असावी, हे मला कळलेलं नाही! मांडवीची पुळण काळी, संध्याकाळी भेळवाले, जेट्टीवर माणसांची गर्दी. मजा आहे, पण ती दोन तासांची. रिक्षाने जा, सूर्य बुडवा, परत या. भाट्ये मात्र खाडीच्या पुलापलीकडे. लांबलचक किनारा, सुरूचं बन, झरीविनायकाचं देऊळ. दोन दिवस कुठेही न जाता नुसतं पडून राहायचं असेल आणि जेवण तिथेच मिळत असेल तर उत्तम. नाहीतर रात्री अंधारात पूल ओलांडून जेवायला यायचं.

थिबा राजवाड्याचा परिसर मला स्वतःला फार आवडतो. ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला इंग्रजांनी १८८५मध्ये पदच्युत केलं, पुढे रत्नागिरीत आणून ठेवलं. त्याच्यासाठी हा वाडा बांधून झाला १९१०च्या सुमारास, आणि १९१६ साली तो इथेच वारला. परत जाता येणार नाही अशा माणसाला खाडीचा एवढा सुंदर देखावा द्यायचा, यात दया होती की खोडसाळपणा, कोण जाणे. असो. वस्ती शांत, झाडंबिडं भरपूर. पण तिथे एक फसगत आहे. थिबा पॉइंटवर उभं राहिलं की भाट्याचा पूल हातावर दिसतो. नकाशावरही जवळच. प्रत्यक्षात तुम्ही कड्यावर आणि पाणी खाली, रस्ता वळणं घेत उतरतो. जांभ्याच्या सड्यावरच्या, म्हणजे उंच सपाट माथ्यावरच्या, गावात नकाशातली सरळ रेघ काही कामाची नाही. "बीचपासून पाचशे मीटर" असं जाहिरातीत वाचलं की फोन करून विचारा, "अहो, आजी चालत जाऊन चढून परत येतील का?" फोनवरचा माणूस क्षणभर गप्प झाला, की समजा.

भाड्याबद्दल थोडं. २२ सप्टेंबर २०२५पासून साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के जीएसटी आहे, आधी १२ होता. लहान लॉजवाले बरेचदा नोंदणीकृत नसतात, मग त्यांना तो लावताच येत नाही. तेव्हा बिलात कर दिसला तर वर जीएसटी क्रमांक आहे का बघा. जास्तीच्या गादीचे पैसे आधीच ठरवा.

खरी मेख चेकआउटची. मुंबईकडून रात्रीची कोकणकन्या पकडलीत तर रत्नागिरीला पहाटे उतरता. लॉजचा दिवस दुपारी बाराला सुरू होत असेल, तर सकाळभर बॅगा घेऊन पायरीवर बसा, नाहीतर आदल्या दिवसाचं भाडं भरा. "चोवीस तास" म्हणजे तुम्ही याल तिथून मोजायचे. शे-दोनशे जास्त पडले तरी पहाटे येणाऱ्या कुटुंबाला चोवीस तासवालं स्वस्त पडतं.

आणि पाणी. पाऊस कोसळतो आमच्याकडे, तरी एप्रिल-मेमध्ये नळाला चणचण असते. "गरम पाणी आहे का" असं सगळे विचारतात. मे महिन्यात गार पाणी आहे का, विहीर किंवा बोअर आहे का, हे विचारा.

समोरच्या एका काकांनी चिठ्ठी पाठवलीय. "मुलीची परीक्षा, दोन रात्री, मी आणि ती. स्टँडजवळ की मारुती मंदिर?" काका, केंद्र कुठलं? मिरजोळे एमआयडीसी? आणि पेपर सकाळचा? मग मी आत्तापर्यंत जे सांगितलं ते तुमच्यापुरतं बाजूला ठेवा. तुमची संध्याकाळ नाही, सकाळ महत्त्वाची. केंद्राजवळ, कुवारबावलाच राहा. फक्त रात्रीचं दूध येतानाच घेऊन या.